गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

भातकुलीहून मावसबहिणीचा फोन आला तो एका फॉर्मवरून. बारावी झाली आहे. गाण्याच्या परीक्षा लहानपणापासून देते आहे आणि गेले तीन गणपती मंडळाच्या नाटकात उभी राहते आहे. तिला आता संगीत नाटकात पदवी घ्यायची आहे. एका संस्थेत चौकशी केली तर पलीकडून विचारलं, संगीत की नाट्य? ही म्हणाली, दोन्ही. उत्तर आलं, दोन्ही एकत्र नाही, कुठल्या तरी एकावर टिक करा.

"दादा, काऊन एकच? मले दोनी येते न."

मी दिवसभर कोड लिहितो, मला यातलं काय कळतं? पण प्रश्न डोक्यात राहिला. त्या शनिवारी 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा पुन्हा पाहिला, आणि तिचा फॉर्म मला पडद्यावरच दिसायला लागला.

२०१५ चा हा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. शास्त्रीय गाण्याशी माझी ओळखच त्याने करून दिली, तेव्हा त्याला नावं ठेवताना थोडं कृतघ्न वाटतं. तरी बघा. खाँसाहेब आहेत सचिन पिळगावकर, त्यांच्यासाठी गायलेत राहुल देशपांडे. सदाशिव आहे सुबोध भावे, त्याच्यासाठी गायलेत महेश काळे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत आणि ते स्वतःच गातात. गंमत अशी की याच सुबोध भावेंनी २०१० मध्ये 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणलं तेव्हा राहुल देशपांडे स्वतः खाँसाहेब होते आणि महेश काळे स्वतः सदाशिव. गात होते आणि बोलतही होते. पाच वर्षांनी सिनेमा झाला आणि दोघंही पडद्यामागे गेले. चेहरे नटांचे राहिले, गळे गायकांचे. म्हणजे संगीतवर टिक करणारे वेगळे आणि नाट्यवर टिक करणारे वेगळे.

सिनेमाचा हिशेब वेगळा असतो, मान्य. क्लोजअपमध्ये अभिनय लागतो, तिकीट ओळखीच्या चेहऱ्यावर विकलं जातं. पण या गोष्टीत तरी ही वाटणी खटकते, कारण 'कट्यार' ही गाणाऱ्या माणसांची गोष्ट आहे. एरवी संगीत नाटकात पद आलं की कथा थांबते; नायिका रुसली की गाते, आणि प्रेक्षकांनी वन्समोअर दिला की तेच पुन्हा गाते, तोवर रुसव्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. जुन्या संगीत नाटकावरचा हा आक्षेप खराच आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी त्यातून नामी वाट काढली. त्यांची पात्रंच गवई आहेत. त्यामुळे इथे गाणं हीच घटना आहे. खाँसाहेबांचा अहंकार, मत्सर, शेवटचं विरघळणं, सगळं तानेत घडतं. ती तान एकाची आणि डोळे दुसऱ्याचे असले की मला तरी शिवण दिसते. सिनेमात जिथे गाणं सुरू होतं तिथे सचिन यांचा चेहरा किंचित सावध होतो, ओठ जुळवणाऱ्या माणसाचा होतो. महादेवन बोलताना अवघडलेले वाटतात, पण गायला लागले की अख्खं शरीर मोकळं होतं. मला ते अवघडलेपण चालतं.

आता १९६७ कडे जाऊ. दारव्हेकर नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, जन्म १९२०, मूर्तिजापूर. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना लागतं तेच मूर्तिजापूर. बहिणीला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. वसंतरावांनी गायलेली 'कट्यार'ची पदं फोनवर सहज मिळतात. नुसती ऐकली तरी कळतं की हा माणूस मैफल करत नाहीये. तान अंगावर येते, मध्येच तुटते, पुन्हा झेप घेते. सुरेल आहेच, पण त्याआधी ती चिडलेली आहे. कुठल्याही गाण्याच्या परीक्षेत त्या चिडण्याला मार्क नाहीत, आणि अभिनयाच्या वर्गात त्या तानेला नाहीत.

हे ते शिकले कुठे? नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे, लाहोरात असद अली खाँ यांच्याकडे, शिवाय जिथे जे मिळेल तिथे. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाले. पुढे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. 'मी वसंतराव' या २०२२ च्या सिनेमात ही वणवण छान येते. आजोबांची भूमिका नातू राहुल देशपांडे करतात आणि गातातही तेच, म्हणजे 'कट्यार'च्या सिनेमात तुटलेलं इथे पुन्हा जोडलं गेलं. पण या सिनेमातलं शिकणं जवळजवळ सगळं गळ्याचं आहे. वसंतराव नट कसे झाले, खाँसाहेबांचं बोलणं त्यांच्या जिभेवर कसं बसलं, हे मला जास्त पाहायचं होतं. आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाचा! गाणारा समोर उभा आहे, तरी रकाना पार्श्वगायनाचाच. महेश काळेंना 'कट्यार'साठी मिळाला तोही त्याच रकान्यात, पण तिथे तो निदान बरोबर होता.

पूर्वी हे दोन्ही एका छताखाली शिकवलं जायचं, नाटक कंपनीत. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं. पुढची पन्नास वर्षं कंपनी हीच शाळा, हेच वसतिगृह आणि हीच नोकरी. बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली ती नाटकाच्या कामातच. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' मा. दीनानाथांच्या बळवंत मंडळीने केलं, तेव्हा पद शिकणं आणि भूमिका शिकणं ही दोन कामं नव्हती. हे सगळं मी बहिणीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "अन् पोरी?"

पोरी नव्हत्या. या कंपन्यांत बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. त्या सोन्याच्या काळात भातकुलीच्या मुलीला दार बंदच होतं. विद्यापीठाचा फॉर्म निदान टिक करायला दोन चौकोन तरी देतो.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल आहे. तिथे संगीत, नृत्य, नाट्य एकाच आवारात आहेत, पण पदव्या वेगवेगळ्या. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयाने म्युझिकल थिएटरची स्वतंत्र पदवी सुरू केली: गाणं, अभिनय, नाच एकाच विद्यार्थ्याला. ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिथलं गाणं लिहिलेल्या सुरांत बांधलेलं, वाद्यवृंद संपला की संपतं. आपलं पद किती वाढवायचं हे त्या रात्री नटाने ठरवायचं असतं. दोन आवर्तनं जास्त घेतली तर प्रेक्षक टाळी देतो आणि समोरचं पात्र ताटकळत उभं राहतं. कमी घेतली तर राग पोहोचत नाही. हा निर्णय गवयाचा की नटाचा? माझ्या मते संगीत नाटकाचा अख्खा अभ्यासक्रम या एका प्रश्नात आहे, आणि त्यासाठी वर्गात तबलजी आणि दिग्दर्शक एकाच वेळी बसायला हवेत. नाटकात सदाशिव खाँसाहेबांच्या घरी चाकर होऊन आडून ऐकत शिकतो. आमच्याकडे शिकवायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त दोन खोल्यांमधली भिंत आहे.

बहिणीने नाट्यवर टिक केली. गाणं रविवारी, अमरावतीच्या बाईंकडे, ऑनलाइन. प्रवेशाच्या चाचणीसाठी झरीनाचं पद घे असं मी सुचवलं होतं. तिने खाँसाहेबांचं घेतलंय, पट्टी बदलून, आणि आधीचं भाषणही, सलग. काल रात्री रेकॉर्ड करून पाठवलं. मागे कुकरची शिट्टी आहे. भाषणात "आहे"चं एकदा "हाय" झालंय. तिसऱ्या मिनिटाला आवाज घोगरा होतो, पण ती तिथे तान सोडत नाही; पुढचं वाक्य त्याच घोगऱ्या आवाजात बोलते. मी तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला.