दुभंगलेले क्रियारूप आणि ओळीचा आघात

पोर्तुगीज पद्याकडे मराठीतून पाहताना आपण अक्षरे मोजतो आणि आघात विसरतो. आपल्या छंदःशास्त्राने लघु-गुरूंचा कान दिला, बलाघाताचा दिला नाही. ही उणीव सर्वाधिक जाणवते ती भविष्यकाळी क्रियारूपाच्या पोटात सर्वनाम शिरते तेथे.

‘दारेइ’ म्हणजे ‘देईन’. ‘त्याला देईन’ यासाठी लेखी पोर्तुगीज ‘दार-ल्ये-एइ’ असे रूप घडवते. ‘दार’ (देणे) आणि लॅटिन ‘हाबेरे’ या क्रियापदाचा अवशेष यांच्या संयोगातून हा भविष्यकाळ झाला. तो सांधा पुरता बुजला नाही. व्याकरणे बहुधा एवढ्यावर थांबतात. समीक्षेचा प्रश्न मात्र पुढेच आहे. ‘दारेइ’मध्ये आघात अंत्य अक्षरावर असतो, ‘दा’ दुर्बळ. सर्वनाम मध्ये येताच ‘दार’ला आपला आघात, गौण का होईना, परत मिळतो. शब्दाला दोन शिखरे येतात.

कामोंइशच्या ‘उश लुझीआदश’ (1572) या महाकाव्याच्या दशाक्षरी ओळीत मुख्य आघात बहुधा सहाव्या आणि दहाव्या अक्षरावर पडतात. अंत्य आघातानंतरची अक्षरे मोजायची नाहीत, ही आजची गणनारीत कास्तील्युच्या 1851 च्या ग्रंथाने रूढ केली. अशा ओळीच्या शेवटी ‘आमा-लु-एइ’ (‘त्याच्यावर प्रेम करीन’) आले, तर ‘एइ’ दहावे, ‘लु’ नववे, ‘मा’ आठवे. पण ‘लु-एइ’चा संधी करून वाचले, तर ‘मा’ नवव्या स्थानी सरकतो आणि दोन आघात एकमेकांवर आदळतात. जोडरेषा या बाबतीत काहीच सांगत नाही; ती लेखनाची खूण आहे, उच्चाराची नव्हे. (प्रस्तुत लेखकानेही प्रारंभी जोडरेषांनाच यती मानले होते.)

येथे ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गाची आठवण अपरिहार्य आहे. ‘पातयामास’ हे रूप फोडून कालिदासाने मध्ये दुसरे पद ठेवले. असे व्यवधान वैयाकरणांना मान्य नव्हते. दोन्हीकडे साहाय्यक क्रियापदाचा सांधा उघडतो, म्हणून साम्य मोहक वाटते. ते अर्धेच खरे आहे. वसंततिलकेत ‘पातयां’चे लघु-गुरू त्या फोडीने बदलत नाहीत, पोर्तुगीज रूपात आघातांची रचनाच बदलते. शिवाय कालिदासाची फोड हे कवीने घेतलेले स्वातंत्र्य आहे, तर पोर्तुगीज रूप प्रमाण लेखनाचा नियम.

ब्राझीलच्या बोलीतून हे रूप जवळजवळ लोपले आहे. तेथील उच्चारावर कान तयार झालेला अभ्यासक जुन्या ओळीत अडखळतो आणि तो दोष कवीच्या माथी मारतो. ओळ सदोष ठरवण्यापूर्वी ती दोन्ही आघातांसह मोठ्याने म्हणून पाहिलेली असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.