कवचाआडचा माणूस

दुःख हा मराठी साहित्याचा जुना विषय. नैराश्य हा आजार आहे, हे भान मात्र आपल्या कलाकृतींना उशिरा आले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट त्या दृष्टीने आम्हांला मोलाचा वाटतो. २०१६ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ लाभले. पुरस्काराचा गाजावाजा केव्हाच ओसरला. आज पुन्हा पाहताना तो अधिक जवळचा वाटतो.

जीव नकोसा झालेला एक तरुण जानकी नावाच्या स्त्रीला भेटतो. ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावरील आपल्या घरी आणते. तीही एकेकाळी याच अंधारातून गेलेली आहे. तेथे दत्ताभाऊ सागरी कासवांच्या रक्षणाचे काम करीत आहेत. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हा योग अर्थपूर्ण आहे. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. माणसाने करायचे ते एवढेच की, कोल्ह्याकुत्र्यांपासून घरटे राखायचे आणि पिल्ले निघाली की वाट मोकळी ठेवायची. पाण्यापर्यंतचे अंतर पिल्लानेच कापायचे असते. दिग्दर्शकद्वयाने हे रूपक कोठेही शब्दबंबाळ होऊ दिलेले नाही.

जानकी त्या मुलाची उलटतपासणी करीत नाही. अन्न, अंथरूण आणि सोबत देते. हा या कलाकृतीचा गाभा होय. नैराश्य प्रथम रोजचे जगणेच पोखरते. झोप उडते किंवा संपतच नाही, भूक मरते, अंघोळीला उठणे डोंगराएवढे होते. येथे आम्हांला एलिया संदेष्टा आठवतो. रतामाच्या झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला विश्वासाचा धडा दिला नाही; निखाऱ्यावरची भाकर व पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा जेवायला उठवले. होरेबची वाट त्यानंतरची.

तथापि चित्रपटाशी आमचा एक मतभेद आहे. जानकीचे औदार्य परक्याचे आहे. तिला त्या मुलाकडून काही येणे नाही, आणि समुद्रकाठी घर व सवड तिच्यापाशी आहे. आपल्या धर्मग्रामात कोणीच कोणाला परका नसतो. दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे, मुले, शेजारपाजार. अंथरुणावरून न उठणारी सून तेथे ‘आळशी’ ठरते, काम सुटलेला मुलगा ‘लाडावलेला’. बहिणीचे लग्न अडेल म्हणून औषधाची चिठ्ठी कपाटात दडते. ओळखीच्या माणसांमध्ये ही करुणा कशी टिकावी, हा अवघड प्रश्न ‘कासव’ किनाऱ्यावरच ठेवून जातो. त्याचे उत्तर आपल्यालाच शोधायचे आहे.

आपल्याकडे या प्रश्नावर धार्मिक मुलामाही चढतो. ‘जपमाळ कमी पडली’, ‘रिट्रीटला पाठवा’, ‘कोणाची तरी नजर लागली’, अशी वाक्ये सद्हेतूनेच उच्चारली जातात. परंतु स्वतःलाच दोषी मानणाऱ्या रुग्णावर ती दोषाचे आणखी एक ओझे चढवतात. ख्रिस्तसभेची भूमिका याहून कितीतरी मृदू आहे. आत्महत्या केलेल्यांना अंत्यविधी नाकारणारे १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम १९८३ च्या संहितेत उरलेले नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानेही गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी उणावते, असे मानले आहे. कायदाही बदलला: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखालचा माणूस मानून त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. नियम पुढे गेले आहेत. ओटीवरचे बोलणे मागे राहिले आहे.

प्रार्थना हवीच; ती डॉक्टरांच्या जागी नव्हे, डॉक्टरांच्या सोबत हवी. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याच्या श्रद्धेवर आपण शंका घेत नाही. मग मनाच्या औषधावर का घ्यावी? दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मरणाची भाषा ऐकू आली, तर एक दिवसही थांबू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे, मराठीतूनही.

‘कासव’ घरातील मोठ्यांनी एकत्र बसून अवश्य पाहावा. पाहून झाल्यावर, काही महिन्यांपासून मिस्सेला न दिसणारे कोणी आठवले, तर त्यांच्याकडे जावे. जाताना प्रश्न नेऊ नयेत, डबा न्यावा.