सशुल्क शोध-जाहिरात आणि शोधयंत्र-अनुकूलन : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विपणनशास्त्राच्या अध्यापनात ‘शोध-जाहिरात खर्चिक, तर सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजेच एसईओ विनामूल्य’ अशी ढोबळ विभागणी सर्रास केली जाते. ही विभागणी लघुउद्योजकाची दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्वरूप

गूगलने सन 2000 मध्ये ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा सुरू केली. 2018 पासून ती ‘गूगल ॲड्स’ या नावाने ओळखली जाते. तीत प्रत्येक शोधागणिक लिलाव होतो. बोलीची रक्कम आणि जाहिरातीची गुणवत्ता यांवरून स्थान ठरते व सामान्यतः क्लिक झाल्यावरच आकारणी होते. एसईओमध्ये स्थान विकत मिळत नाही. पृष्ठावरील मजकूर, रचना, वेग आणि इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे यांच्या बळावर ते कमवावे लागते. त्यासाठी लागणारे श्रम, वेळ व लेखनकौशल्य हाही खर्चच होय. फरक एवढाच की, जाहिरातीचा खर्च थांबताच तिचे फळ थांबते. चांगल्या पृष्ठाचे फळ उशिरा येते, पण काही काळ टिकते.

स्थानिक संदर्भ

तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधी द्रव्ये, वस्त्रोद्योग व पोलाद यांचे कारखाने आहेत. ‘तारापूर एमआयडीसी कंपनी’ असा शोध घेणारा ग्राहकच असेल असे नाही. तो नोकरीच्या शोधातील तरुणही असू शकतो. त्याच्या क्लिकचेही पैसे जाहिरातदाराला मोजावे लागतात. ‘नोकरी’, ‘भरती’ यांसारखे शब्द वगळण्याची सोय असली, तरी ती न वापरणाऱ्याचा पैसा वाया जातो. शिवाय तारापूर हे नाव अणुऊर्जा केंद्रामुळे सर्वपरिचित असून याच नावाची गावे गुजरात व बिहारमध्येही आहेत. याउलट, विशिष्ट रसायनाचा औद्योगिक खरेदीदार त्याचे नेमके नाव व शुद्धतेचे प्रमाण लिहून शोध घेतो. असे शोध थोडे असतात आणि खरेदीचा निर्णय नमुना-चाचणीनंतर सावकाश होतो. येथे उत्पादनाची सविस्तर तांत्रिक माहिती देणारे पृष्ठ अधिक उपयोगी ठरते.

केळवे किनाऱ्यावरील निवासव्यवस्था किंवा बहाडोलीचे जांभूळ यांची स्थिती वेगळी आहे. जांभळाचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर येतो व लवकरच संपतो. एसईओचे फळ मिळेपर्यंत हंगाम उलटून जाण्याची शक्यता असते. अशा वेळी मुंबई परिसरापुरती, ठरावीक दिवसांची मर्यादित जाहिरात समर्थनीय ठरते.

मर्यादा

दोन्ही मार्गांवर अंतिम सत्ता शोधयंत्राचीच असते. जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा गूगलचे संस्थापक पेज व ब्रिन यांनीच 1998 च्या आपल्या शोधनिबंधात दिला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे 136 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह संकेतशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन ठरत नाही, मात्र अशा वापरात गूगल निव्वळ निष्क्रिय मध्यस्थ नसतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये नमूद केले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, वर्षानुवर्षे कमावलेल्या स्वतःच्या नावाखालीही प्रतिस्पर्ध्याची जाहिरात झळकू शकते. लहान कारखानदाराला आपल्याच नावावर बोली लावावी लागणे ही या व्यवस्थेतील विषमता आहे. क्रमवारीचे निकष बदलले की एसईओने मिळवलेले स्थानही डळमळते.

निष्कर्ष

म्हणून ‘स्वस्त कोणते?’ याऐवजी ‘शोधणारा कोण, त्याची निकड किती आणि मागणी किती काळ टिकणारी?’ हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. टिकाऊ व तांत्रिक मागणीसाठी एसईओ, तर हंगामी व तातडीच्या मागणीसाठी जाहिरात, असा क्रम या परिसराला अधिक मानवेल. मात्र दोन्हींतून आलेल्या ग्राहकाशी उद्योजकाने थेट संपर्क राखणे अगत्याचे आहे. अन्यथा त्याच ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा किंमत मोजावी लागेल.