आनापानस्मृति : पहिल्या चार पायऱ्यांपुढें

धर्मानंद कोसंबी यांचा ‘समाधिमार्ग’ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. बौद्ध ध्यानपद्धतीचें व्यवस्थित विवेचन मराठींत वाचावयाचें म्हणजे आजही या लहानशा पुस्तकाकडे वळावें लागतें. गोव्यांतील सांखवाळचे कोसंबी येथें काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले, १९०२ सालीं सिंहलद्वीपांत श्रामणेर झाले, आणि पुढें बुद्धघोषाचार्यांच्या ‘विशुद्धिमार्गा’च्या संशोधनास त्यांनीं अनेक वर्षें वाहिलीं. त्या ग्रंथाची हार्वर्डची आवृत्ति १९५० सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, बाहेर पडली. ‘समाधिमार्ग’ उभा आहे तो याच ग्रंथाच्या पायावर. तेव्हां त्याचें परीक्षण म्हणजे पर्यायानें बुद्धघोषांचें परीक्षण होय. आम्हांस तें एकाच विषयापुरतें करावयाचें आहे. श्वासावर चित्त ठेवण्याचा ज्यांना बरींच वर्षें अभ्यास आहे, त्यांच्या हातीं ही परंपरा काय देते?

नवशिक्याला ती पुष्कळ देते. श्वास मोजावे, पांचांहून कमी नाहींत व दहांहून अधिक नाहींत; प्रथम धान्य मापणाऱ्याप्रमाणें सावकाश, मग गोठ्यांतून बाहेर पडणाऱ्या गाई मोजणाऱ्या गुराख्याप्रमाणें शीघ्र. मोजणें सुटलें कीं स्मृति अखंड श्वासाबरोबर असावी, पण ती आंतबाहेर धांवूं नये. नाकाच्या शेंड्यापाशीं किंवा वरच्या ओठापाशीं, जेथें श्वासाचा स्पर्श होतो, तेथेंच ती ठेवावी. श्वास जसा आहे तसा पाहावयाचा. तो रोखावयाचा किंवा लांबवावयाचा नाहीं. प्राणायामाच्या संस्कारांत वाढलेला आपला वाचक नेमकें हेंच विसरतो, आणि दोन्ही एकच म्हणून मोकळा होतो.

खरी अडचण पुढें आहे. ध्यानाचे इतर विषय अभ्यासानें अधिक स्पष्ट होत जातात, हा मात्र अधिकाधिक सूक्ष्म होतो, असें बुद्धघोष स्वतःच सांगतात. अखेर अशी वेळ येते कीं श्वास सांपडतच नाहीं. येथें साधक एक तर घाबरून जोरानें श्वास घेतो, नाहीं तर त्या अभावालाच सिद्धि समजतो. यावरचा उपाय शेतकऱ्याच्या दृष्टांतांत आहे. बैल रानांत गेले, तर जाणता शेतकरी रानभर त्यांचा माग काढीत फिरत नाहीं. ते जेथें पाणी प्यावयास येतात तेथें जाऊन बसतो. साधकानेंही आसन न सोडतां स्पर्शस्थानीं वाट पाहावी. टीकाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आचार्यांचा साधनेशीं किती निकट परिचय होता, तें अशा ठिकाणीं कळतें.

आमचा आक्षेप येथून पुढें सुरू होतो. मज्झिमनिकायांतील ११८ व्या सुत्तांत आनापानस्मृतीच्या सोळा पायऱ्या आहेत : काय, वेदना, चित्त व धर्म यांना प्रत्येकीं चार. बुद्धघोषांनीं बहुतेक विवेचन पहिल्या चारांवर खर्चिलें आणि उरलेल्या बारा त्या मानानें थोडक्यांत आटोपल्या. त्यामुळें श्वासाचें ध्यान म्हणजे नाकाच्या शेंड्यावरील एकाग्रता, एवढाच अर्थ वाचकाच्या मनांत ठसतो. वस्तुतः हें सुत्त श्रावस्तीच्या पूर्वारामांत थोर स्थविरांच्या सभेंत सांगितलेलें आहे. चित्त प्रसन्न करणें, समाहित करणें, मोकळें करणें, हीं त्यांत वेगवेगळीं अंगें आहेत. ज्याला एकाग्रता साधली पण ज्याचें मन कोरडें व जड झालें, त्याच्या दुखण्यावरचें औषध याच पायऱ्यांत आहे.

तिसऱ्या पायरीवरील ‘सब्बकाय’ या शब्दाचा वादही या दृष्टीनें पाहावा. बुद्धघोष त्याचा अर्थ श्वासाचा आदि, मध्य व अंत असा घेतात. दुसरे कित्येक सर्व शरीर असा घेतात. सुत्तांत श्वासालाच कायांपैकीं एक काय म्हटलें आहे, म्हणून शब्दार्थानें बुद्धघोषांची बाजू भक्कम आहे. परंतु लगेच पुढें प्रीति व सुख अनुभवावयाचीं आहेत, आणि निकायांतील ध्यानवर्णनांत तीं सर्वांगांत भिनतात. श्वास स्थिरावल्यावरही जो केवळ एका बिंदूला चिकटून बसेल, त्याला या पायऱ्या चढणें कठीण जाईल. अशा साधकानें दुसरा अर्थ जवळ करावा, असें आमचें मत आहे.

१९६९ सालीं सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशांतून आले, १९७६ सालीं इगतपुरीस धम्मगिरि येथें शिबिरें सुरू झालीं, आणि हजारों मराठी माणसांस आनापान हा शब्द परिचयाचा झाला. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरांत पहिले साडेतीन दिवस आनापान, नंतर शरीरावरील संवेदनांचें निरीक्षण. बुद्धघोषांनीं जें थोडक्यांत आटोपलें, त्याकडे ही पद्धति साधकास नेते खरी. पण श्वास तेथें उंबरठा ठरतो. सुत्तांत तो सोळाव्या पायरीपर्यंत सोबत असतो, हा भेद जुन्या साधकानें लक्षांत ठेवावा.

‘विशुद्धिमार्गा’नें समाधीचे जे दहा अडथळे मोजले आहेत, त्यांत निवास, आप्त, काम व प्रवास आहेत, बदलीच्या नोकरींत आयुष्य काढणाऱ्या आपल्या वाचकांस त्यांची ओळख करून द्यावयास नको. त्याच यादींत ग्रंथाध्ययनही आहे. म्हणून आमची सूचना एवढीच कीं अनुभवी वाचकानें ‘समाधिमार्ग’ पुनःपुन्हा न घोळतां मूळ सुत्त समोर घ्यावें, आणि पांचव्या पायरीपासून आपला अभ्यास तपासावा. त्या बारा पायऱ्यांवर कोसंबींच्याच साध्या मराठींत कोणी अधिकारी साधक लिहील, तर त्यांचें अपुरें राहिलेलें काम पुढें जाईल.