भाषांतर नको, रूपांतर हवे

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले, तेव्हा लंडनची फुलवाली अस्सल मराठी बोलू लागली. भाषांतर आणि रूपांतर यांतला फरक आपल्या रंगभूमीला असा जुना परिचयाचा आहे. १९८० च्या दशकातले घरगुती संगणकांवरचे खेळ मी याच कसोटीवर तपासतो, कारण यंत्रालाही स्वतःची बोली असते.

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावत. हलती आकृती शेजारच्या चौकटीत शिरली की रंग बिघडत. १९८४ च्या ‘नाइट लोर’ या खेळाने प्रत्येक खोली एकाच रंगात ठेवली आणि सारा भर खोलीच्या त्रिमितीय भासावर दिला. त्याच वर्षी डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ३२ किलोबाइटच्या बीबीसी मायक्रोवर ‘एलिट’ रचला. त्यातल्या ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीतले २५६ ग्रह कुठे साठवलेले नव्हते. गरज पडेल तेव्हा ते गणिताने घडवले जात.

जपानमध्ये एमएसएक्स २ या घरगुती संगणकावर एकाच वेळी बरेच शत्रू आणि गोळ्या दाखवणे जड जाई. हिदेओ कोजिमा यांनी १९८७ च्या ‘मेटल गिअर’मध्ये नायकाला लढण्याऐवजी लपायला लावले, आणि त्यातून खेळाचा नवा प्रकार रुजला. मॉस्कोत ‘टेट्रिस’ जन्मला तो चित्रे न दाखवणाऱ्या एलेक्ट्रोनिका ६० या संगणकावर. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी त्याचे ठोकळे कंसांच्या चिन्हांनी मांडले होते.

याच काळातले अनेक पोर्ट, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आणलेले खेळ, मात्र निर्जीव निघाले. स्पेक्ट्रम, एमएसएक्स आणि अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या तिन्हींत झेड-८० प्रोसेसर होता. त्यामुळे युरोपातल्या प्रकाशकांनी स्पेक्ट्रमचा कोड जवळपास जसाच्या तसा उचलला. एमएसएक्समध्ये पडद्याची मेमरी वेगळ्या चिपच्या ताब्यात असते. स्पेक्ट्रमच्या पद्धतीने तयार केलेले चित्र तिकडे पुन्हा ओतताना खेळ रेंगाळे, आणि चिपमधले ३२ स्प्राइट (हलत्या आकृत्यांची खास सोय) बहुधा वापराविना पडून राहत. बॉब पेप यांनी स्पेक्ट्रमवर आणलेला ‘आर-टाइप’ हा आर्केड खेळ वाखाणला गेला. त्याच्यावरूनच केलेली अ‍ॅमस्ट्रॅडची आवृत्ती मात्र १६ रंगांच्या यंत्रावर चारच रंगांत, अडखळत चालली.

हा दोष प्रोग्रामरच्या बुद्धीचा नव्हता. आर्केड खेळाच्या नावाचा परवाना विकत घ्यायचा आणि एकाच कोडवर जमतील तितक्या यंत्रांचे ग्राहक गाठायचे, असा तो व्यवहार होता. नव्या यंत्राची ओळख करून घ्यायला त्यात वेळच ठेवलेला नसे.

हे खेळ आज जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर सहज चालतात. वाचकांनी ‘आर-टाइप’च्या या दोन्ही आवृत्त्या लागोपाठ खेळून पाहाव्यात. रंगांची अडचण असलेले स्पेक्ट्रम सरस ठरलेले दिसेल, कारण तिथे खेळ त्या यंत्रासाठी लिहिला होता.