शुक्रवारचा विनोद आणि पहिला पीस

19 जुलै 2024, शुक्रवार. ऑफिसात पहिला चहा संपायच्या आत ग्रुपवर निळ्या स्क्रीनचे फोटो पडायला लागले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर आडवे केले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे कॉम्प्युटर होते सुमारे 85 लाख. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते.

आमच्या ग्रुपमध्ये कॉलेजपासूनचे चौदा जण आहेत, सगळे प्रोग्रॅमर. पहिली प्रतिक्रिया आली : “शुक्रवारी डिप्लॉय कोणी केलं रे?” दुसरी : “हाताने पास लिहिणारा माणूस, हीच आजची एकमेव स्टेबल सिस्टिम.” ही दुसरी माझी. बारा जण हसले.

संध्याकाळी सातिवलीला घरी पोचलो तेव्हा टीव्हीवर तीच बातमी चालू होती. बाबा इथल्याच एका गाळ्यात प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवर पंचवीस वर्षं काम करतात. काय झालं ते मी त्यांना सोपं करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे पहिला पीस कोणी बघितलाच नाही?”

गाळ्यात डाय बदलली की आधी एक पीस काढतात. व्हर्निअर लावून त्याचं माप घेतात. सुपरवायझरने पास केला की मगच लॉट सुरू होतो. ऑर्डर कितीही घाईची असो, पहिला पीस न बघता मशीन सोडणाऱ्याला त्या रस्त्यावर कोणी ऑपरेटर म्हणत नाही.

ऑगस्टमध्ये क्राउडस्ट्राइकने आपला अहवाल दिला. नव्या टेम्प्लेटमध्ये 21 रकाने ठरवलेले होते, पण प्रत्यक्ष कोड 20च मूल्यं पुरवत होता. एकविसावं वाचायला गेल्यावर सिस्टिम कोसळली. शिवाय या प्रकारचे अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळ्यांकडे जायचे. म्हणजे पहिला पीस नव्हताच, थेट लॉट. आणि शुक्रवारचा त्या सगळ्याशी काही संबंध नव्हता. चूक मंगळवारी बाहेर पडली असती तरी हेच झालं असतं. आम्ही चौदा इंजिनिअर वारावर हसत बसलो. नेमका प्रश्न विचारला दहावी झालेल्या मोल्डिंग ऑपरेटरने.

तेव्हापासून मी आमच्या विनोदांकडे जरा संशयाने बघायला लागलो. पुस्तकांची, सिनेमांची, हल्ली तर रील्सचीही समीक्षा होते. पण तंत्रज्ञानाची बातमी आली की पाच मिनिटांत प्रोग्रॅमर लोक जे तिरकस बोलतात, त्याची कोणी करत नाही. खरं तर आमच्या धंद्याचं लोकसाहित्य हेच. त्याला लेखक नसतो, ते तोंडोतोंडी फिरतं, आणि त्याचे साचे ठरलेले असतात. “आमच्याकडे अजून जावा 8 आहे.” “हे आतून इफ-एल्सच असणार.” “डेमो छान, प्रॉडक्शनला लावून दाखवा.” बातमी कुठलीही असली तरी तिन्हींतलं एक चालून जातं. साच्याचा हा फायदा, आणि दोषही हाच.

या विनोदाची बाजू आधी मांडतो, कारण तो मला मनापासून आवडतो. वर्तमानपत्र ‘क्रांती’ म्हणतं, कंपनी ‘भविष्य’ म्हणते. आम्ही मात्र त्या भविष्याच्या रात्री दोन वाजता आलेल्या एरर वाचलेल्या असतात. डेमोमागे किती गोष्टी दोऱ्याने बांधलेल्या असतात ते आम्हाला ठाऊक असतं. मोठ्या शब्दांना टाचणी लावणारं कोणीतरी हवंच.

आणि चांगला विनोद टाचणी लावून थांबत नाही, तो बोट दाखवतो. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या कॉमिकमधलं 2020चं एक चित्र तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. आधुनिक डिजिटल जगाचा सगळा डोलारा, आणि त्याला तळाशी तोलून धरणारा एक बारीक ठोकळा, जो नेब्रास्कातला कोणी एक जण वर्षानुवर्षं एकटा सांभाळतोय. मार्च 2024मध्ये हे चित्र जवळजवळ जसंच्या तसं खरं झालं. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पाचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतीच्या नावाखाली कोणीतरी दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं. त्यावरही एखादा विनोद करून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने खणत जायचं ठरवलं.

फरक इथेच आहे. विनोद हा एक दावा असतो, ‘इथे काहीतरी गडबड आहे’ असा. आमच्याच भाषेत सांगायचं तर तो बग रिपोर्ट असतो. पण बग कसा दिसला, कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा दिसेल, हे न लिहिता केलेला रिपोर्ट आम्ही ऑफिसात बंद करून टाकतो. ग्रुपवर मात्र त्यालाच टाळ्या पडतात.

मार्च 2024मध्येच कॉग्निशन कंपनीने ‘डेव्हिन’ हा एआय प्रोग्रॅमर आणला. खऱ्या प्रकल्पांतल्या तक्रारी सोडवायच्या ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या परीक्षेत त्याने 13.86 टक्के प्रश्न सोडवल्याचा कंपनीचा दावा होता. आमचा विनोद तयारच होता : “शंभरातले शहाऐंशी फेल? घ्या मग, आमच्या टीममध्ये शोभेल.” हसण्याच्या नादात त्याच घोषणेतला दुसरा आकडा कोणी वाचलाच नाही. कोणाच्याही मदतीशिवाय हे प्रश्न सोडवण्यात त्याआधीची सर्वोत्तम कामगिरी 1.96 टक्के होती. आम्ही उंचीवर हसलो, वेग बघितला नाही. पुढच्या सव्वा वर्षात त्याच परीक्षेच्या निवडक 500 प्रश्नांवर काही मॉडेलं 70 टक्क्यांच्या वर गेली. प्रश्नसंच वेगळा असल्याने दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, पण दिशा कळायला तेवढी पुरे.

म्हणजे हसणारे चुकले आणि ढोल वाजवणारे बरोबर ठरले का? तसंही नाही. एमईटीआर या अमेरिकन संस्थेने जुलै 2025मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओपन सोर्समधले 16 अनुभवी प्रोग्रॅमर आणि 246 कामं. काही कामं एआय घेऊन करायची, काही त्याच्याशिवाय. एआय घेऊन केलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम झाल्यावरही त्या मंडळींना वाटत होतं की आपण 20 टक्क्यांनी जलद झालो. स्वतःच्या हाताखालच्या कामाबद्दल अनुभवी माणसाचा अंदाजही इतका चुकतो. मग बातमीचं नुसतं शीर्षक वाचून आलेल्या आमच्या तिरकस खात्रीची किंमत किती?

मराठीत या बाबतीतला धडा आपल्याला आधीच मिळालेला आहे. 20 मे 2025ला जयंत नारळीकर गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यांच्या विज्ञानकथांची आठवण निघाली. मला आठवला तो त्यांचा 2008चा प्रयोग. फलज्योतिषाची टिंगल करणं त्यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाला किती सोपं होतं! त्यांनी नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. भाग घेतलेल्या 51 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली 27 जणांनी. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50च्या आसपास आली असती. यात विनोद नाही असं कोण म्हणेल? पण तो शेवटी आला, आधी माप घेतलं गेलं.

आता मला जी गोष्ट खरी सांगायची आहे तिच्याकडे येतो. जुलै 2025च्या शेवटी टीसीएस 12,261 जणांना कमी करणार अशी बातमी आली, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के. कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं सीईओ के. कृतिवासन म्हणाले. मी विरार लोकलमध्ये उभा होतो. ग्रुपवर लिहिलं : “गार्बेज कलेक्शन सुरू झालं.” प्रोग्रॅमला नको असलेली मेमरी आपोआप साफ करतात, त्याला आम्ही हे नाव देतो. तेरा जण हसले. एरवी बारा हसतात.

तेरावा होता आमच्यातला एक मित्र. तो दुसऱ्याच एका कंपनीत होता. दोन दिवसांपूर्वी त्याला मीटिंग रूममध्ये बसवून ‘स्वतःहून राजीनामा दे, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल’ असं सांगितलं होतं. हे त्याने तीन आठवड्यांनी सांगितलं, तुंगारेश्वरच्या रस्त्याने चालताना. मी विचारलं, “मग हसलास कशाला?” तो म्हणाला, “मग काय टाकू? ग्रुपवर दुसरं काय चालतं आपल्या?”

त्याने राजीनामा देऊन टाकला होता. असा राजीनामा मागता येतो का, कोणाकडे दाद मागायची, याची आमच्यातल्या कोणालाच कल्पना नव्हती. त्याच दिवसांत पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय श्रममंत्र्यांकडे तक्रार करत होती. तिचं नावसुद्धा ग्रुपवर कधी आलं नव्हतं. चौदा जण मिळून जगातली कुठलीही सिस्टिम का पडली ते सांगू शकतो, आणि आपल्यातला एक पडत होता ते आम्हाला दिसलं नाही. विनोदाने ते झाकलं असंही म्हणणार नाही. आम्ही दुसरी भाषाच ठेवली नव्हती, म्हणून त्याने त्याच भाषेत उत्तर दिलं.

तिरकसपणा सोडा असं मी सांगणार नाही. तो सोडला तर आम्ही कंपनीच्या जाहिरातीसारखं बोलायला लागू. माझी मागणी लहान आहे. हसून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा : आकडा किती, मोजला कोणी, आणि आपल्यातला कोण यात आहे?

मित्राला अजून नोकरी मिळालेली नाही. मागच्या रविवारी बाबांनी त्याची चौकशी केली. मी म्हटलं, बघतोय तो. बाबा म्हणाले, “तू बघितलंस का?” त्या रात्री मी पहिल्यांदा त्याचा रेझ्युमे उघडला.