कट्टी सोपी, बट्टी अवघड

शाळेच्या मैदानावर कट्टी घ्यायला एक करंगळी पुरते. बट्टी करायची तर आधी कुणीतरी पुढे यायला हवं, आणि ते कुणी यायचं यावरच आठवडे निघून जातात. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्या मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. मैत्री जुळणं, तुटणं, मित्रासाठी जीव धोक्यात घालणं, हे सगळं या कादंबऱ्या आज फार चांगलं लिहितात. पण ज्यानं दगा दिला तो परत दारात येऊन उभा राहिला, तर त्याचं काय करायचं, इथे त्यांतल्या पुष्कळ अडखळतात.

या प्रकारात मैत्रीला एवढं वजन का, ते कळायला वेळ लागत नाही. नायकाचे आईवडील बहुधा गेलेले असतात, नाहीतर हाताशी नसतात. हॅरी पॉटर पोरका, ले ग्विन यांच्या गेडची आई तो लहान असतानाच गेलेली, पुलमन यांच्या लायराला आपले आईबाप कोण हेसुद्धा ठाऊक नाही. घर नाही म्हटल्यावर मित्र हेच घर. आता या गोष्टीला 'फाउंड फॅमिली' असं नाव पडलं आहे आणि पुस्तकं त्या नावावर विकली जातात. मला हे खटकतं. हे मित्र एकमेकांना सोडणार नाहीत अशी हमी पुस्तक उघडण्याआधीच मिळाली, तर त्यांची निष्ठा पणाला लागल्याचा धसका वाचकाला कसा बसणार?

अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (1968) अशी हमी कुणीच देत नाही. गेड हा बुद्धीनं तल्लख आणि मानी मुलगा. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जॅस्पर त्याला डिवचतो, आणि केवळ त्याला खाली पाहायला लावायचं म्हणून गेड मेलेल्या माणसाला बोलावण्याची विद्या करून बसतो. त्यातून जगाला एक फट पडते आणि तिच्यातून एक काळी छाया सुटते. ती फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख प्राण गमावतात. गेड महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात, बोलणं अडखळतं. बरोबरीची मुलं पुढे निघून जातात. आणि मग शाळेतला मित्र व्हेच त्याला भेटायला येतो.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. व्हेचचं शिक्षण पुरं झालंय, तो आपल्या बेटावर परत निघालाय. तो गेडला उपदेश करत नाही, झालं गेलं विसर असंही म्हणत नाही. जाता जाता आपलं खरं नाव सांगतो. अर्थसीच्या जगात ज्याला तुमचं खरं नाव माहीत, त्याच्या मुठीत तुमचा जीव. म्हणून ते कुणी सांगत नाही. आणि व्हेच ते कुणाला सांगतो? ज्याच्या गर्वापायी नुकताच एक माणूस गेला, ज्याच्यावर आता त्याचा स्वतःचाही भरवसा उरलेला नाही, त्याला. गेडही मग आपलं नाव सांगतो. क्षमा हा शब्दही न उच्चारता क्षमेचं याहून नेमकं चित्र मला या सगळ्या साहित्यात दिसलेलं नाही. आपल्याकडे तरी 'मी तुला माफ केलं' असं तोंडानं कोण म्हणतं? ताटात गरम पोळी वाढली जाते आणि समोरच्याला काय ते कळतं.

पुढे हाच व्हेच एका लहान होडीत बसून गेडबरोबर त्या छायेमागे पूर्वेच्या शेवटच्या समुद्रापर्यंत जातो. ती लढाई आपली नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो जातो. जॅस्परशी मात्र गेडची बट्टी कधीच होत नाही. तो शाळा सोडून गेलेला असतो आणि कथेत परतत नाही. काही भांडणं तशीच राहतात, हे ले ग्विन यांनी मुलांपासून लपवलं नाही.

जे. के. रोलिंग यांच्या मालिकेचा पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं मराठीत आला, त्यामुळे रॉन आणि हॅरी इथल्या मुलांना घरचेच. त्यांची दोन मोठी भांडणं होतात. चौथ्या पुस्तकात (2000) हॅरीनं आपलं नाव एका धोकादायक स्पर्धेत मुद्दाम घातलं असं रॉनला वाटतं आणि तो बोलणंच टाकतो. ड्रॅगनशी झालेला सामना पाहून तो वरमून येतो. तोंडातून माफी बाहेर पडायच्या आत हॅरी त्याला थांबवतो, 'जाऊ दे' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, दोघे ओशाळं हसतात. त्यांची मैत्रीण हर्मायनी हिला मात्र रडू कोसळतं, दोघांवर चिडून ती पाय आपटत निघून जाते. चौदा वर्षांच्या मुलांचं असंच असतं.

सातव्या पुस्तकातलं (2007) भांडण गंभीर आहे. पोटात अन्न नाही, गळ्यात आळीपाळीनं घालायचं शापित लॉकेट, आणि एका रात्री रॉन दोघांना तंबूत सोडून निघून जातो. परततो तो गोठलेल्या डोहात बुडणाऱ्या हॅरीला बाहेर काढून. हॅरीचा राग तिथेच विरतो. हर्मायनीचा विरत नाही. ती त्याला बुक्क्यांनी मारते आणि नंतरही कितीतरी दिवस धड बोलत नाही. मला तिचं वागणं जास्त खरं वाटतं. तो परत आला याचा आनंद एकीकडे, तो गेला होता हे दुखणं दुसरीकडे, आणि एकानं दुसरं फिटत नाही.

याच रोलिंग हॅरीचे शिक्षक असलेल्या स्नेपच्या बाबतीत सैल पडतात. तरुण स्नेप हॅरीच्या आईची, लिलीची, माफी मागतो आणि ती ठाम नकार देते, हे पान उत्तम आहे. पण प्रौढ स्नेपनं नेव्हिलसारख्या भेदरलेल्या मुलाला वर्षानुवर्षं छळलं, त्याचं काय? तो मरतो, त्याच्या आठवणी उलगडतात, आणि शेवटी हॅरी आपल्या मुलाला त्याचं नाव ठेवतो. नेव्हिलला कुणी विचारतच नाही.

या प्रकारातली सर्वांत मोठी पळवाट ती हीच. दगाबाज मरतो आणि हिशेब मिटल्याचं जाहीर होतं. मेलेल्या माणसाला माफ करणं सोपं. तो उद्या सकाळी समोर बसून चहा पिणार नसतो.

रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सनची मालिका (2005 ते 2009) याच वाटेनं जाते, पण थोडी वेगळी. मित्रांवरची निष्ठा हाच पर्सीचा घातक दोष, एका मित्रासाठी तो सगळं जग पणाला लावेल, असं अथीना त्याला बजावते. कर्णाच्या मैत्रीवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'मृत्युंजय' वाचताना दुर्योधनाची बाजू न सोडणाऱ्या कर्णावर आपण जीव लावला आणि त्याच वेळी तळमळलोही. रायर्डन तेवढ्या खोलात उतरत नाहीत. पर्सीची मैत्रीण ॲनाबेथ हिनं मात्र देवांवर उलटलेल्या ल्यूकवरचा विश्वास सोडलेला नाही, आणि तिच्या लहानपणी त्यानं दिलेल्या वचनाची आठवणच अखेर त्याला भानावर आणते. पर्सी त्याच्या हाती खंजीर देतो, ल्यूक स्वतःला संपवतो. इथवर नेहमीचंच. पण नंतर देव पर्सीला अमरत्व देऊ करतात तेव्हा तो ते नाकारतो आणि तुम्ही आपल्या मुलांना ओळख द्या, असं मागतो. ल्यूकची तक्रार हीच होती. मेलेल्या शत्रूचं गाऱ्हाणं रास्त होतं हे कबूल करून ते दूर करायला लावणं, एवढं तरी रायर्डन यांच्या पदरात टाकायलाच हवं.

ली बार्डुगो यांच्या 'सिक्स ऑफ क्रोज'मध्ये (2015) नीना मथायसला वाचवण्यासाठीच त्याच्यावर गुलामांच्या व्यापाराचा खोटा आरोप करते आणि तो तुरुंगात सडतो. सुटल्यावर तो पहिल्यांदा तिचा गळा धरतो. चांगल्या हेतूनं केलेला घातसुद्धा घातच, ही गोष्ट बार्डुगो पुष्कळ पानं लावून धरतात.

तरी या साऱ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो फिलिप पुलमन. 'नॉर्दर्न लाइट्स'मध्ये (1995) लायरा आपला मित्र रॉजर याला सोडवायला उत्तरेत जाते, सोडवते, आणि नकळत त्याला थेट मरणाच्या दारात नेऊन पोचवते. तिसऱ्या पुस्तकात, 'द अँबर स्पायग्लास'मध्ये (2000), ती मृतांच्या जगात उतरते. कशासाठी? जग वाचवायला नव्हे. रॉजरची माफी मागायला. पण तिथे जायचं तर पॅनला, म्हणजे प्राण्याच्या रूपात बरोबर वावरणाऱ्या स्वतःच्याच आत्म्याला, किनाऱ्यावर टाकून जावं लागतं. पॅन लहानसा होऊन धक्क्यावर थरथरतो आणि नाव दूर जाते. एका मित्राची माफी मागण्यासाठी दुसऱ्या, त्याहून जवळच्या सोबत्याचा घात.

रॉजरच्या मनात राग नसतोच. लायरा मृतांसाठी बाहेरची वाट काढते, आणि पहिला बाहेर पडून हवेत विरून जातो तो रॉजर. त्या पुस्तकाच्या शेवटी पॅनही परत येतो. वाचकाला वाटतं, झाली बट्टी.

पण 2019 साली 'द सीक्रेट कॉमनवेल्थ' आलं. लायरा आता वीस वर्षांची आहे आणि तिचं पॅनशी पटत नाही. किनाऱ्यावरची ती गोष्ट तो विसरलेला नाही. एके दिवशी चिठ्ठी ठेवून तो निघून जातो. मुलांच्या पुस्तकातली एक जखम लेखकानं एकोणीस वर्षांनी पुन्हा उघडावी आणि ती भरली नव्हती असं सांगावं, एवढा प्रामाणिकपणा या प्रकारात मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मराठीत स्वतंत्र कुमार-फँटसी तुरळकच लिहिली जाते. जे लिहू पाहतात त्यांना माझं एवढंच मागणं आहे, की दगा देणाऱ्याला मारून टाकू नका. त्याला परत येऊ द्या, आणि दार उघडणाऱ्याला लगेच हसायला लावू नका. आणि घरात बारा-तेरा वर्षांचं वाचणारं मूल असेल, तर सुरुवात 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'पासून करा. पुस्तक छोटं आहे. व्हेच निरोप घ्यायला येतो ते पान त्याच्याबरोबर मोठ्यानं वाचा.